आठाचा शून्य होतो तेव्हा

आपल्या घरात करड्या काचेवर काळे आकडे दाखवणाऱ्या किती वस्तू आहेत, हे एकदा मोजून पाहा. भिंतीवरचे विजेचे मीटर, मुलांचा कॅल्क्युलेटर, मनगटावरचे किंवा टेबलावरचे घड्याळ, ताप पाहायचे थर्मामीटर, रक्तदाब मोजायचे यंत्र, आणि घरात मधुमेह असेल तर साखर तपासायचे यंत्र. साध्या शेतकरी घरातही चार-पाच तरी निघतात. चाळीस वर्षांपूर्वी यातले जवळजवळ काहीच आपल्याकडे नव्हते. मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची आणि थर्मामीटरमध्ये पारा चढायचा. चकती जोरात फिरली की वीज जास्त जळते आहे, हे न शिकलेल्या माणसालाही दिसायचे. आता चकती गेली, पारा गेला आणि आकडा तेवढा उरला. आकडा म्हणेल ते खरे, असे आपण मानून चाललो आहोत.

मी बीदरला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. माहेर भालकी तालुक्यात. आमच्या सीमाभागात आकड्यांची एक गंमत आहे. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात आणि पुढे हैदराबाद राज्यात होतो. त्यामुळे माझ्या आजोबांचा हिशेब उर्दू आकड्यांत असे. आई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली, तिचे आकडे देवनागरी. माझ्या भाच्यांची शाळा कन्नड, त्यांना एसटीवरचे कन्नड आकडे झरझर वाचता येतात. एका घरात तीन लिप्यांचे आकडे! पण मीटरवरचा आकडा वाचायला तिघांनाही एकच इंग्रजी आकडा शिकावा लागला. त्यातही तो शाळेतल्या पाटीवरचा गोलाईचा इंग्रजी आकडा नाही. तो सात सरळ रेघांचा, काड्या मांडून केल्यासारखा आकडा आहे.

सात रेघांचा संसार

या सात रेघा म्हणजे तीन आडव्या आणि चार उभ्या. वर एक, मध्ये एक, खाली एक. आणि डाव्या-उजव्या बाजूला दोन-दोन. सगळ्या दिसल्या की आठ. मधली गेली की शून्य. फक्त उजवीकडच्या दोन उभ्या राहिल्या की एक. त्यांच्यावर वरची आडवी चढवली की सात. सात रेघांच्या लपण्या-दिसण्याने एकूण १२८ आकृती होऊ शकतात. त्यातल्या फक्त दहांना आपण आकडे मानतो, बाकीच्या बहुतेक आपल्या दृष्टीने मोडतोड. आपला गोल वळणाचा देवनागरी तीन किंवा नऊ या सात काड्यांत बसत नाही, म्हणून तो या काचेवर कधी आला नाही.

ही काच स्वतः उजेड देत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. बाजारातल्या काट्यावर जे तांबडे आकडे असतात ते स्वतः पेटतात. करड्या काचेवरचे आकडे मात्र बाहेरून आलेला उजेड अडवतात. म्हणूनच ते अंधारात दिसत नाहीत, आणि म्हणूनच एवढ्याशा सेलवर वर्षानुवर्षे चालतात.

दोन पातळ काचांमध्ये मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी फट असते. त्यात द्रवस्फटिक भरलेले असते. हा पदार्थ पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे लांबट कण स्फटिकासारखे एका दिशेने तोंड करून उभे राहतात. खालच्या काचेजवळचे कण एका दिशेला, वरच्या काचेजवळचे त्याला काटकोनात, आणि मधले कण हळूहळू वळत गेलेले, म्हणजे दोराला पाव फेरा पीळ द्यावा तसे. दोन्ही काचांना बाहेरून एकेक खास पापुद्रा चिकटवलेला असतो. तो उजेडाला गजाच्या खिडकीसारखा असतो, ठरलेल्या दिशेनेच आत सोडतो. दोन खिडक्यांचे गज एकमेकांना आडवे असल्याने खरे तर उजेड अडायला हवा. पण मधला पीळ त्या उजेडालाच वळवून दुसऱ्या खिडकीतून सुखरूप बाहेर काढतो. म्हणून काच करडी, मोकळी दिसते.

आता एखाद्या रेघेच्या जागी दोन-तीन व्होल्टचा दाब दिला की तिथले कण ताठ उभे राहतात. पीळ सुटतो, उजेड अडतो आणि तेवढी रेघ काळी दिसते. दाब काढला की पीळ परत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असे आपण म्हणतो. इथला पीळ मात्र एवढ्याशा विजेने जातो आणि वीज काढली की मुकाट परत येतो.

ही युक्ती १९७० च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी पेटंटसाठी मांडली. पण या शास्त्रात आपल्या कर्नाटकाचाही मोठा वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सर सी. व्ही. रमण यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९७१ पासून बेंगळुरूच्या रमण संशोधन संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. १९७७ साली त्यांनी सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांबरोबर, लांबट नव्हे तर चकतीसारख्या कणांचेही द्रवस्फटिक होते, असे जगाला प्रथम दाखवून दिले. आपल्या मीटरमधले कण लांबटच असतात. पण बीदरहून सुमारे सातशे किलोमीटरवर, आपल्याच राज्यात हे काम झाले, हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

उखळ, मुसळ आणि पंगत

कोणती रेघ काळी करायची, हे ठरवणारा असतो मायक्रोकंट्रोलर. नखाएवढ्या चकतीत सगळा संसार मांडलेला छोटा संगणकच तो. साखर तपासायच्या यंत्रात पट्टीवर रक्ताचा थेंब पडला की रासायनिक क्रियेने अगदी बारीक वीज निर्माण होते. ती तो मोजतो, तिचा आकडा काढतो, आणि मग आपल्या आठवणीतल्या कोष्टकात पाहतो: आठ म्हणजे सातही रेघा, तीन म्हणजे अमुक पाच. तेवढ्या रेघांच्या खुणा तो एका कोपऱ्यात लिहून ठेवतो, आणि पुढचे काम सुरू होते.

ते काम वाटते तितके सरळ नाही. सेलची वीज एकाच दिशेने वाहते. ती तशीच रेघेला लावून ठेवली तर आतल्या द्रवात रासायनिक बिघाड सुरू होतो आणि काच कायमची खराब होते. म्हणून दाब सतत उलटसुलट करावा लागतो, साधारणपणे सेकंदाला तीसपासून शंभर वेळा. त्याहून सावकाश केला तर आकडा लुकलुकतो, फार वेगाने केला तर सेल लवकर संपतो.

दोघी मिळून एका उखळात कांडतात ते आठवा. एकीचे मुसळ वर तेव्हा दुसरीचे खाली. दोन मुसळांत सदैव अंतर राहते, आणि ते अंतर प्रत्येक वेळी उलटते. पण दोघींनी एकाच वेळी मुसळ उचलले आणि एकाच वेळी टाकले, तर हालचाल तेवढीच होते, पण दोन मुसळांत अंतर मात्र शून्य. काचेच्या मागचा पत्रा आणि पुढची रेघ यांचे असेच चालते. जी रेघ दाखवायची तिला मायक्रोकंट्रोलर मागच्या पत्र्याच्या उलट हलवतो. जी लपवायची तिला त्याच्याबरोबरीने हलवतो. म्हणजे न दिसणारी रेघही स्वस्थ नसते, तीही सेकंदाला तितक्याच वेळा हलत असते.

तीन आकडे म्हणजे एकवीस रेघा, शिवाय सेलची खूण, थेंबाची खूण. प्रत्येकीला वेगळी तार द्यायची म्हटले तर चिपला पायच पुरणार नाहीत. म्हणून रेघांच्या चार पंगती करतात. वाढपी एका वेळी एका पंगतीत फिरतो, पण इतक्या झटपट की कुणाचेच पान रिकामे दिसत नाही. अशा रीतीने चोवीस रेघांचे काम दहा तारांत होते. याची किंमतही असते. पंगत दुसऱ्याची असतानाही थोडा दाब सगळ्यांच्याच वाट्याला येतो. तीन व्होल्टच्या सेलवर, चार पंगतींच्या नेहमीच्या मांडणीत दिसणाऱ्या रेघेला सरासरी १.७३ व्होल्ट मिळतात आणि लपलेल्या रेघेला १ व्होल्ट. एवढ्याशा फरकावर दिसणे आणि न दिसणे अवलंबून. पंगती वाढल्या की हा फरक आणखी घटतो, म्हणून पडदा मोठा असेल तर काम अवघड होते. त्यासाठी एका वेळी एकच पंगत न घेता अनेक पंगती एकत्र घेण्याची पद्धत १९८८ च्या सुमारास ज्यांनी मांडली ते रुक्मांगदन हेही बेंगळुरूच्या त्याच रमण संशोधन संस्थेतले.

आईची वही

हे सगळे मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवत आले. त्याचे महत्त्व मात्र आईच्या वहीने कळले.

आईला मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली. गावाकडे ती दादा-वहिनीकडे असते. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा सकाळी उपाशीपोटी साखर तपासून लिहून ठेवायला सांगितले होते. ते काम आई कुणावर सोपवत नसे. चाळीस पानी वहीत तारीख आणि आकडा, दोन्ही ठसठशीत देवनागरीत. वहीतले आकडे चांगले उतरलेले पाहून डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली. तिचे काही चुकले नाही, समोर जे लिहिलेले होते त्यावर कुणीही तेच केले असते. पण आईला तहान फार लागू लागली, रात्री तीन-तीनदा उठावे लागे, आणि पायाच्या अंगठ्याला ठेच लागून झालेली जखम महिना उलटला तरी भरेना. मधुमेहात पायाची जखम म्हणजे काय, ते आमच्या गावाने पाहिले आहे. आमच्याच गल्लीतल्या एका काकांचा पाय अशाच जखमेपायी गुडघ्याखाली काढावा लागला होता.

एका सकाळी घरच्या यंत्राने १०८ दाखवले. त्याच सकाळी तालुक्याच्या प्रयोगशाळेत दिलेल्या रक्ताचा आकडा आला १९२. घरचे यंत्र आणि प्रयोगशाळा यांच्यात थोडा फरक पडतोच. शंभराच्या वर तो पंधरा टक्क्यांपर्यंत असला तर मानकात बसतो. पण हा फरक त्याच्या कितीतरी पलीकडचा होता. दादाला वाटले पट्ट्या खराब झाल्या असतील. वहिनी नवी डबी घेऊन आल्या. तरी तेच.

मी गावी गेले ती वही घेऊनच बसले. दोन महिन्यांची पाने होती. १७६, १०४, १७९, १०६, १०२, १७५. वर-खाली, वर-खाली. आणि मधल्या घरात आठ एकदाही नाही. जिची साखर १७९ होते तिची दोन महिन्यांत एकदाही १८२ किंवा १८६ होत नाही? मी आईला विचारले, आकडा नीट दिसतो ना? आई म्हणाली, “दिसतोय की. मधला कधी कधी मोडल्यासारखा वाटतोय, कंसावाणी. तवा सुनंला इचारून लिवते.”

कंसासारखा दिसणारा तो आकडा होता तीन. त्या घरातली मधली आडवी रेघ गेली होती. यंत्र केव्हातरी पडले असणार. कुणी पाडले, याची चौकशी घरात कुणी केली नाही, ते बरेच झाले. मधली रेघ गेली की दोन, तीन, चार, पाच, सहा, नऊ हे सगळे मोडके दिसतात. पाहणाऱ्याला लगेच शंका येते, तो दुसऱ्याला विचारतो. शून्य, एक आणि सात यांना मधली रेघ लागतच नाही, ते आहेत तसेच राहतात. आठाचे मात्र विपरीत होते. तो मोडका दिसत नाही. तो पूर्ण, सुबक, निःशंक असा शून्य होऊन समोर येतो. १८४ चे १०४ होतात, आणि साखर आटोक्यात आली म्हणून घर समाधान मानते.

मधलीच रेघ असे नाही. वरची उजवी गेली तर आठाचा सहा आणि नवाचा पाच होतो. खालची डावी गेली तर आठाचा नऊ आणि सहाचा पाच. सर्वांत वरची गेली तर साताचा एक. मोठा बिघाड झाला, म्हणजे काच आणि चिप यांना जोडणारी रबरी पट्टी सरकली किंवा तिच्यात धूळ शिरली, तर एक अख्खी पंगतच जाते आणि सगळेच आकडे विद्रूप होतात. ते यंत्र आपण लगेच बाजूला ठेवतो. एकच रेघ गेली की यंत्र घरात वापरात राहते. भीती त्याचीच.

चिपला डोळे नसतात

आईने विचारले, “त्याला येवढं मोजाया येतंय, मग आपली रेघ गेली हे त्याला कळत न्हाई व्हय?”

प्रश्न अगदी बरोबर होता, माझ्या वर्गातही कुणी कधी विचारला नव्हता. उत्तर असे की, नाही कळत. मायक्रोकंट्रोलरने १८४ मोजले होते आणि १८४ च पाठवले होते. आठाच्या सातही रेघांना त्याने वेळच्या वेळी दाब दिला होता. सहा रेघांनी तो घेतला, सातवीची वाट तुटलेली होती. पण काचेकडून चिपकडे परत येणारी बातमी नसते. हा रस्ता एकेरी आहे. पत्र टाकणारा पत्र टाकून मोकळा होतो, ते पोचले की नाही हे त्याला पोचपावतीशिवाय कळत नाही, आणि इथे पोचपावतीची सोय नाही. आपल्या तोंडावर काय उमटले आहे ते त्याला दिसत नाही. ते पाहू शकतो फक्त समोरचा माणूस.

ही अडचण यंत्र करणाऱ्यांना चांगली ठाऊक असते. म्हणूनच असे यंत्र सुरू केले की आधी क्षणभर सगळ्या रेघा एकदम दाखवते. तीन आठ, आणि बाजूच्या सगळ्या खुणा. आपल्याला वाटते ती यंत्राची सुरुवातीची सजावट आहे. खरे तर तो यंत्राने आपल्याला विचारलेला प्रश्न असतो: माझ्या सगळ्या रेघा तुला दिसतात ना? आईचे यंत्र रोज सकाळी ८८८ ऐवजी ८०८ दाखवत होते. दोन महिने त्याने हा प्रश्न विचारला, पण हा प्रश्न आहे हेच आईला कुणी सांगितले नव्हते. दुकानदाराने पट्टी कशी घालायची, बोट कसे टोचायचे ते दाखवले. पुस्तिका होती ती इंग्रजीत. आई म्हणाली, “मला वाटलं आठशे आठ हे त्या मशिनीचं नाव हाय.”

यंत्र बदलले. गोळी पूर्ववत झाली, पुढे आणखी एक वाढली. अंगठा भरून यायला तीन महिने लागले, पण भरला.

एवढे करावे

वाचकहो, यातून आपण सर्वांनी घ्यावे असे थोडेसेच आहे. साखर, रक्तदाब, ताप यांपैकी काहीही मोजताना यंत्र सुरू करून पहिला क्षण नीट पाहा. सगळे आठ पूर्ण आहेत का, ते मोजा. ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांच्यासाठी हे घरातल्या एखाद्या लेकराने करावे. पुस्तिकेत त्या पहिल्या चित्राचे पान असते, ते कापून यंत्राच्या पिशवीत ठेवावे. त्यासाठी इंग्रजी यायची गरज नाही, चित्र आणि काच जुळवून पाहता आले की झाले. एखादी रेघ गेली असेल तर ‘अंदाजाने कळते’ म्हणून ते यंत्र वापरू नये. आणि अंगाचे म्हणणे एक, आकड्याचे दुसरे असे झाले, तर आकड्यावर विसंबून राहू नये, डॉक्टरांना दोन्ही सांगावे.

आपल्याकडच्या उन्हाचीही आठवण ठेवावी. कलबुरगी-बीदरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याखाली किंवा गाडीच्या काचेआड त्याहून पुष्कळ जास्त. फार तापले की द्रवस्फटिकाचा पीळ आपोआप विरघळतो आणि सगळी काच काळी पडते. सावलीत गार झाली की बहुधा पूर्ववत होते. पण साखरेचे यंत्र आणि पट्ट्या त्याआधीच भरवसा ठेवण्याजोग्या राहत नाहीत, म्हणून त्या घरातल्या गार कोपऱ्यातच असाव्यात.

तुरीच्या बाजारातही हेच ध्यानात ठेवण्यासारखे आहे. काट्यावरचे तांबडे आकडे पेटणारे असले तरी रेघा त्याच सात. काटा सुरू करताना बहुतेक काट्यांवर शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे भराभर पळतात, ते याचसाठी. पोते ठेवण्यापूर्वी काटा एकदा बंद करून चालू करा म्हणावे, आणि ते आकडे पळताना पाहावे. यात कुणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. काटा मालकाचा असो की शेतकऱ्याचा, स्वतःचे तोंड त्यालाही दिसत नाही.

आई आता बोट टोचण्याआधी यंत्र डोळ्यांजवळ नेते आणि मोठ्याने म्हणते, “तिन्ही आठ हायती.” वहीत तारखेपुढे एक बारीक बरोबरची खूण करते, मग आकडा लिहिते. ही खूण तिला कुणी शिकवलेली नाही, तिची तिनेच काढली आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या वहीत मी आता तेवढा एक रकाना वाढवला आहे.